जगाच्या अल्बममधले कुंडल

१८५० साली इंग्रज अधिकारी बार्टल फ्रियर साताऱ्याहून सिंधला गेला. साताऱ्यात तो छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला होता. १८४८ च्या एप्रिलमध्ये शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीच्या सरकारने नामंजूर केला आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. हे खालसा करणे फ्रियरला पटले नव्हते, तरी खालसा झालेल्या मुलखाचा कारभार त्यालाच हाकावा लागला. नंतर कमिशनर म्हणून त्याची नेमणूक सिंधमध्ये झाली आणि तिथे त्याने पहिल्यांदा टपाल सुधारायला घेतले. कराचीचा पोस्टमास्तर एडवर्ड लीझ कॉफी याला हाताशी धरून १ जुलै १८५२ रोजी त्याने अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट काढले. तिकिटावर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह होते आणि भोवतीच्या गोल पट्ट्यात ‘सिंद डिस्ट्रिक्ट डॉक’ ही अक्षरे. आशिया खंडातले हे पहिले टपाल तिकीट.

या तिकिटाचे तीन प्रकार: लाल, पांढरा आणि निळा. लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ द्रव्याचे होते. ते वाटेतच तडकायचे, त्यामुळे फार चालले नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी कलकत्त्यात छापलेली तिकिटे सुरू झाली. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते तासगावला जावो की पेशावरला, असा एकच दर ठरला आणि सिंधची तिकिटे मोडीत निघाली. दोन-सव्वादोन वर्षांचा हा सगळा खेळ. पण ज्याला ‘सिंद डॉक’ म्हणतात त्या तडकणाऱ्या लाल चकतीसाठी आज जगभरच्या लिलावांत चढाओढ लागते, कारण धड उरलेले नमुने शंभरही नाहीत.

साताऱ्याचे राज्य गेले, पण त्याचे जहागीरदार राहिले: औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट. कुंडल हे गाव औंधच्या पंतप्रतिनिधींच्या वाट्याचे. गिरी पार्श्वनाथ आणि झरी पार्श्वनाथ या जैन तीर्थांमुळे ते आधीपासून ठाऊक होते, आणि पुढे प्रतिसरकारामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. टपाल तिकिटांच्या आणि लिलावांच्या इतिहासात या गावाचे काय काम, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधायला आधी पॅरिसला जावे लागते.

तिकिटे निघाली १८४० मध्ये, इंग्लंडात. वीस वर्षांत युरोपभर ती जमवण्याचे वेड पसरले. पॅरिसमध्ये जुस्तँ लालिए याने १८६२ साली छापील अल्बम बाजारात आणला. प्रत्येक देशाला पान, प्रत्येक तिकिटाला चौकट. दिसायला ही साधी सोय होती, पण तिने संग्राहकाच्या डोक्यात एक कल्पना कायमची रुजवली. जग म्हणजे ठरावीक चौकटींची बेरीज, आणि चौकटी भरल्या की जग पुरे! १८६० च्या दशकात हे खरेच शक्य वाटत होते. तेव्हा तिकिटे काढणारे देश कमी होते. थॉमस टॅपलिंग या इंग्रज खासदाराने १८९० पर्यंतच्या बहुतेक साऱ्या जगाची तिकिटे जमवली. १८९१ मध्ये, पस्तिशीत, तो वारला आणि संग्रह त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे ब्रिटिश म्युझियमला गेला. त्या काळातला तेवढा मोठा जागतिक संग्रह अखंड राहिला तो एवढाच. बाकीचे सगळे हातोड्याखाली गेले.

टपाल तिकिटांचा पहिला जाहीर लिलाव पॅरिसच्या ओतेल द्रुओमध्ये १८६५ च्या डिसेंबरात झाला. १८७० मध्ये न्यूयॉर्क आणि १८७२ मध्ये लंडनचे सदबीज असा तो धंदा पसरला. त्याला झळाळी आणली फेरारीने. फिलिप फॉन फेरारी हा पॅरिसमध्ये राहणारा गडगंज श्रीमंत. दुकानदाराने सांगितलेली किंमत देऊन तो पुढच्या दुकानात जायचा. पहिल्या महायुद्धात तो शत्रूपक्षाचा ठरला, १९१७ मध्ये वारला आणि फ्रेंच सरकारने त्याचा संग्रह जप्त केला. १९२१ ते १९२५ या काळात चौदा लिलावांत तो विकला गेला. ब्रिटिश गयानाचे एक सेंटाचे एकमेव किरमिजी तिकीट त्यातलेच. १८७३ साली एका शाळकरी पोराने ते सहा शिलिंगांना विकले होते, १९२२ मध्ये आर्थर हाइंड या अमेरिकन गिरणीमालकाने त्याला तीस हजार डॉलरच्या वर मोजले. २०१४ मध्ये ते ९४.८ लाख डॉलरला गेले आणि २०२१ मध्ये ८३ लाखांना. म्हणजे मधल्या सात वर्षांत किंमत उतरली. ‘तिकिटे म्हणजे सोने’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या दलालांना हा दुसरा आकडा सहसा आठवत नाही.

मुंबईचेही एक पाकीट या कथेत आहे. मॉरिशसने १८४७ मध्ये काढलेली ‘पोस्ट ऑफिस’ अक्षरांची तिकिटे संग्राहकांच्या जगात सर्वांत मानाची. त्यांतली एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पत्र जानेवारी १८५० मध्ये मॉरिशसहून मुंबईला, इथल्या बायबल सोसायटीच्या सचिवांच्या नावे आले. १८९७ मध्ये ते हिंदुस्थानातल्या एका बाजारात एका इंग्रजाला सापडले, आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात न्यू ऑर्लिन्सच्या व्यापाऱ्याने त्यावर ३,८०,००० डॉलरची बोली लावून ते घेतले. तोवरचा तो विक्रम होता. संग्राहक या पाकिटाला ‘बॉम्बे कव्हर’ म्हणतात. त्याची किंमत तिकिटांइतकीच त्यावरच्या पत्त्याने आणि शिक्क्यांनी आली. ती दोन तिकिटे कोणी कात्रीने कापून अल्बमच्या चौकटीत बसवली असती, तर मुंबईचे नावही उरले नसते.

छापील अल्बममध्ये हिंदुस्थानच्या पानांनंतर संस्थानांची पाने येतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना तिथे जागा आहे. इंग्रजी तिकिटांवर ग्वाल्हेरचे नाव छापून ती वापरली जात. इंदूरच्या होळकरांना आहे, धारच्या पवारांना आहे. पण महाराष्ट्राच्या दक्षिणेकडचा नकाशा काढून बसावे तर भोर सोडल्यास पाने कोरी. कोल्हापूर नाही, सांगली नाही, मिरज नाही, फलटण नाही, औंध नाही. कारण साधे. या संस्थानांत टपाल इंग्रजांचे होते, त्यामुळे त्यांनी टपाल तिकिटे काढलीच नाहीत. त्यांनी काढले ते कोर्ट फी आणि महसुलाचे स्टॅम्प, दस्तांचे मुद्रांक. राजाचे नाव, मुद्रा, चित्र जे काही मिरवायचे ते त्यांनी या कागदांवर मिरवले. आणि जागतिक संग्रहाच्या व्याख्येत हे स्टॅम्प बसत नव्हते.

औंध संस्थान जेमतेम पाचशे चौरस मैलांचे, आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर विजापूरच्या बाजूला. मधला सगळा मुलूख इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकांचा. कुंडलच्या माणसाने तासगावच्या पाहुण्याला पत्र टाकले की त्यावर इंग्लंडच्या राजाचे डोके असायचे. १९२५ नंतर हे डोके नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जाऊ लागले. त्याआधी ते लंडनहून जहाजाने यायचे. पण त्याच माणसाने बांधाच्या भांडणाचा अर्ज दिला की त्यावर औंध सरकारचा स्टॅम्प लागायचा. एका घरात, एका दिवशी, दोन सरकारांची तिकिटे. यातले पहिले जगातल्या प्रत्येक अल्बममध्ये आहे आणि लाखांनी छापलेले असल्याने त्याला बाजारात किंमत नाही. दुसरे कोणत्याही जुन्या जागतिक अल्बममध्ये नाही.

या भागाचा टपालाशी घट्ट संबंध जोडला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे नांगरांचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. मराठी मुलखाच्या कानाकोपऱ्यात ही मासिके टपालाने जात. एका माळरानावरच्या पोस्टातून एवढे छापील साहित्य बाहेर पडत होते, पण मासिकाचे वेष्टण कोण जपून ठेवणार? वाचक अंक ठेवतो, कागद चुलीत घालतो. त्या वेष्टणांवरचे किर्लोस्करवाडीचे शिक्के म्हणूनच आज दुर्मीळ म्हणावेत. लक्ष्मणरावांचे स्वतःचे टपाल तिकीट १९६९ मध्ये निघाले. ते मुबलक आहे आणि कोणत्याही संग्राहकाकडे मिळेल.

यानंतर आली बेचाळीसची चळवळ. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात १९४३ पासून तीन वर्षे प्रतिसरकार चालले, आणि कुंडल हे त्याचे एक मुख्य ठाणे. जी. डी. बापू लाड कुंडलचे, प्रतिसरकारचे सशस्त्र दल ‘तुफान सेना’ इथलेच. आजूबाजूला इंग्रजी हद्द आणि गाव संस्थानी हद्दीत, हा हद्दींचा गुंता भूमिगतांच्या पथ्यावर पडला. तारा तोडणे, टपाल अडवणे हे चळवळीचे नित्याचे काम होते. त्याच काळात तुरुंगातून घरी येणाऱ्या पत्रांवर सेन्सॉरचे शिक्के बसत होते. प्रतिसरकारची न्यायमंडळे गावोगाव तंटे सोडवत होती आणि तिथे सरकारी स्टॅम्प लावून दावा दाखल करण्याचा प्रश्नच नव्हता. औंध संस्थानाने तर १९३९ च्या राज्यघटनेने गावपंचायतींच्या हाती आधीच बराच कारभार दिला होता. म्हणजे कोर्ट फी स्टॅम्पची सद्दी कुंडलात दोन बाजूंनी संपत आली होती. १९४८ च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो स्टॅम्प कायमचा थांबला.

जुने दस्त मग रद्दीच्या वाटेने निघाले. दस्तावरचा स्टॅम्प सोलून घ्यायचा आणि कागद टाकून द्यायचा, ही संग्राहकांची जुनी खोड. अमेरिकेत राहणाऱ्या अॅडॉल्फ केपेल आणि रेमंड मॅनर्स या दोघांनी १९८० च्या दशकात भारतीय संस्थानांच्या कोर्ट फी आणि महसुली स्टॅम्पची जाडजूड सूची छापली, तेव्हा कुठे लिलाववाल्यांना या कागदांना क्रमांक देता येऊ लागले. क्रमांक मिळाला की किंमत येते, हा या धंद्याचा नियम. तरीही आजवर सूचीत न आलेले प्रकार सापडत राहतात. मुंबईचे जल कूपर यांनी त्याच्या कितीतरी आधी जुन्या भारतीय टपाल शिक्क्यांवर पुस्तक लिहून हेच दाखवून दिले होते की साध्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावरचा गावाचा शिक्का तिकिटापेक्षा मोलाचा असू शकतो.

आता प्रत्यक्ष लिलावाकडे वळू. लंडन, जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा मुंबईच्या लिलावाच्या कॅटलॉगात शेवटच्या पानांवर ‘होल वर्ल्ड’ असा भाग असतो. बारा अल्बम, दोन खोकी, एक बुटांचा डबा, अंदाजे अमुक हजार तिकिटे. कोण्या म्हाताऱ्या संग्राहकाच्या वारसांनी ते आणून दिलेले असते. लिलावदाराला प्रत्येक तिकीट पाहायला वेळ नसतो, म्हणून वर्णन दोन ओळींचे आणि अट एकच: जसे आहे तसे, परत घेतले जाणार नाही. सुट्या तिकिटाला नकलीपणाबद्दल दाद मागता येते, खोक्याला नाही. शिवाय हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचे कमिशन, त्यावर कर, परदेशातून आणायचे तर टपालखर्च आणि जकात. हजारात घेतलेला माल घरी येईतो दीड हजारांचा सहज होतो.

नवखे लोक कॅटलॉगातल्या छापील किमतींची बेरीज करतात आणि खूश होतात. गिबन्स, स्कॉट किंवा मिशेल यांच्या तिकीट-कॅटलॉगातली किंमत ही दुकानदाराच्या चांगल्या मालाची किंमत. साध्या तिकिटाच्या छापील किमतीत तिकिटाचा भाव थोडा आणि ते शोधून पाकिटात भरून देण्याची मजुरी जास्त असते. पूर्व युरोपच्या देशांनी परकीय चलनासाठी कोरी तिकिटे शिक्का मारून थेट संग्राहकांना विकली. १९६० च्या दशकात आखाती अमिरातींच्या नावे फुलपाखरे, अंतराळवीर, फुटबॉलपटू यांची रंगीत तिकिटे ट्रकच्या ट्रक छापली गेली: अजमान, फुजैरा, मनामा, उम्म अल कैवैन. भारतातल्या शाळकरी मुलांचे अल्बम याच तिकिटांनी फुगले आणि अल्बम लिलावात आला की तो जाड दिसतो तोही यांच्याच जोरावर. सेशेल्सच्या एका जुन्या शिक्क्याचे पाकीट असले दहा अल्बम विकत घेईल.

शहाणा खरेदीदार भरलेल्या चौकटींआधी रिकाम्या चौकटी पाहतो. कोऱ्या चौकटीत तिकीट चिकटवायच्या ‘हिंज’ कागदाची खूण दिसली की समजावे, इथले तिकीट कोणीतरी आधीच काढून विकले आहे. व्यापारी संग्रह घेतो, चांगले ते उचलतो आणि उरलेले साय काढलेले दूध पुन्हा लिलावाला पाठवतो. असे एकेक खोके तीन-चार हात फिरलेले असते. मग डिंक पाहायचा. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत राहिलेल्या संग्रहाचा डिंक पानाला चिकटलेला असतो आणि कागदावर तपकिरी ठिपके उठलेले असतात. ते धुऊन जात नाहीत. आणि मग नकला. जिनिव्हाच्या फ्रांस्वा फूर्निए याने नकली तिकिटे उघडपणे कॅटलॉग छापून विकली. जाँ द स्पेराती याची हातोटी अशी की १९५४ मध्ये इंग्लंडच्या संग्राहकांच्या संस्थेने त्याचा साराच साठा विकत घेऊन त्याला थांबवले. जुन्या जागतिक अल्बममध्ये एखादे फार महाग तिकीट बिनबोभाट चिकटलेले दिसले, तर ते या दोघांपैकी एकाचे असण्याची शक्यता धरून चालावे. आता गंमत अशी की त्यांच्या नकलाही संग्राह्य झाल्या आहेत.

असल्या फुटकळ आणि नकली मालाचे दुसरे टोक म्हणजे गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली ही चार तिकिटे स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिएने छापली. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी दहा रुपयांच्या फक्त शंभर तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असे छापले गेले. २०१७ मध्ये त्यातल्या चार तिकिटांची जोडपट्टी लंडनच्या गिबन्सने पाच लाख पौंडांना एका ऑस्ट्रेलियन संग्राहकाला विकली. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या माणसाच्या नावावर त्या वर्षी स्वतंत्र भारताच्या टपाल तिकिटांच्या किमतीचा विक्रम नोंदला गेला. चरख्याने कातलेल्या सुताच्या हारापुढे हा प्रकार विचित्रच वाटतो, पण लिलावाच्या दिवाणखान्यात कोणाला ते टोचत नाही.

दोन्ही टोकांच्या मध्ये, त्या दोन ओळींच्या वर्णनाच्या खोक्यात, कुंडलसारखी गावे असतात. हौशी माणसाने अल्बम भरताना संस्थानी स्टॅम्प शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलेले असतात, कारण त्यांना चौकटच नव्हती. बुटांच्या डब्यात आजोबांच्या पत्रांची पाकिटे असतात. ती त्याने संग्रहात धरलेली नसतात आणि लिलावदाराने मोजलेलीही नसतात. परदेशी व्यापाऱ्याला मोडी किंवा देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे तो ती तशीच पुढे ढकलतो. जागतिक संग्रह विकत घेणाऱ्या मराठी माणसाची बाजू इथेच वरचढ आहे. गयानाच्या तिकिटासाठी बोली लावणारे जगात पुष्कळ आहेत, पण औंधचा कोर्ट फी स्टॅम्प कुंडलच्या दस्तावर सलग सापडला तर त्याचे काय मोल, हे समजणारे थोडे. आणि एकदा समजले की त्याची किंमत वाढते, हेही खरे. म्हणून हा धंदा गप्प बसून करायचा, असे जुने व्यापारी शिकवतात. त्यांचा हा सल्ला या लेखाने मोडला आहे.

कायद्याची एक बाब ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू, आणि पंच्याहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक मोलाचे दस्त, खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून जुने टपाल किंवा संस्थानी दस्त परदेशी लिलावाला पाठवण्याआधी जाणकाराला विचारावे. बाहेरून इकडे आणायला ही आडकाठी नाही, आणि खरे तर बराच माल तिकडेच आहे. नोकरी संपवून विलायतेला परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेट्यांतून तो गेला.

पलूस, तासगाव, खटाव, आटपाडी या भागांत ज्यांच्या माळ्यावर जुन्या ट्रंका असतील, त्यांना एक विनंती. पाकिटावरचे तिकीट कापू नका आणि दस्तावरचा स्टॅम्प सोलू नका. पाकीट अखंड ठेवा, आतले पत्र आतच राहू द्या, आणि आजोबा कुठे नोकरीला होते, पत्र कोणी कोणाला लिहिले हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. लिलावात द्यायचे असले तरी आणि घरातच ठेवायचे असले तरी.